सायकल विमा

सायकल विमा हा सर्वसाधारण विम्याचा एक प्रकार आहे. सायकलीची चोरी, तिचे अपघाती नुकसान आणि सायकलस्वारामुळे इतरांच्या शरीराची अथवा मालमत्तेची झालेली हानी या तीन जोखमींपासून तो आर्थिक संरक्षण देतो. स्वाराच्या स्वतःच्या इजेसाठी व्यक्तिगत अपघात विम्याची जोड दिली जाते. हे चारही भाग एकाच विमापत्रात असतीलच असे नाही, आणि 'सायकल विमा' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या योजनांत बहुधा यांपैकी एक-दोन भागच असतात.

साध्या सायकलीचा विमा सहसा काढला जात नाही, कारण तिची किंमत घरखर्चातून भरून काढता येण्याजोगी असते. कार्बन तंतूंच्या सांगाड्याची, विद्युत गिअरची, वजनाने आठ-नऊ किलोग्रॅमची शर्यती सायकल मात्र भारतात काही लाख रुपयांना मिळते. अशी सायकल मोटारसायकलीपेक्षा महाग असूनही तिला नोंदणी क्रमांक नसतो, मालकीचे सरकारी पुस्तक नसते आणि ती एका हाताने उचलून नेता येते. तिच्या विम्यातील बहुतेक अडचणी या तीन गोष्टींतून उद्भवतात.

कायदेशीर स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या मोटार वाहनाला तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा सक्तीचा आहे. पायडलने चालणारी सायकल यांत्रिक शक्तीवर चालत नसल्याने मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे तिला विम्याची सक्ती नाही आणि मोटार विम्याला असते तशी सर्व कंपन्यांना बांधून घेणारी ठरावीक शब्दरचनाही नाही. प्रत्येक कंपनीचे विमापत्र वेगळे असते. दोन योजनांची तुलना केवळ विमाहप्त्यावरून करता येत नाही, याचे हे मुख्य कारण आहे.

मोटार वाहनाने सायकलस्वाराला धडक दिल्यास सायकलस्वार हा त्या वाहनाच्या विम्याच्या दृष्टीने तृतीय पक्ष ठरतो. शारीरिक इजा आणि सायकलीचे नुकसान या दोन्हींसाठी त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. धडक देणारे वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये भरपाई मिळते. या योजनेत सायकलीच्या नुकसानीसाठी काहीही मिळत नाही.

उलट बाजू अधिक दुर्लक्षित राहते. सायकलस्वाराने पादचाऱ्याला धडक दिली, किंवा गटाने सायकल चालवताना एकाच्या चुकीने मागचे दोघे पडले, तर भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात थेट त्या स्वारावर होऊ शकतो. या बाबतीत जपानमधील एक खटला प्रसिद्ध आहे. २००८ साली कोबे शहरात सायकलीवरून उतारावर येणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाची एका पादचारी स्त्रीला धडक बसली आणि तिची शुद्ध कायमची हरपली. २०१३ मध्ये कोबे जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे ९.५ कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला. यानंतर कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगो प्रांताने ऑक्टोबर २०१५ पासून सायकलस्वारांना दायित्व विमा सक्तीचा केला. पुढे इतर अनेक प्रांतांनी तसेच नियम केले आणि टोकियोत ही सक्ती एप्रिल २०२० मध्ये आली. स्वित्झर्लंडमध्ये घडले ते याच्या उलट होते. तेथे सायकलीवर दरवर्षी विम्याची चिकटपट्टी लावणे बंधनकारक होते. बहुतेक नागरिकांचा खासगी दायित्व विमा असतोच, या कारणाने २०१२ च्या आरंभापासून ही सक्ती रद्द झाली. ब्रिटनमध्ये सक्ती नाही, परंतु १८७८ साली स्थापन झालेली आणि आज सायकलिंग यूके या नावाने ओळखली जाणारी संस्था आपल्या सदस्यांना तृतीय पक्ष दायित्वाचे संरक्षण देते.

सायकलीची किंमत कितीही असली तरी चोरीत होणाऱ्या तोट्याला त्या किमतीची वरची मर्यादा असते. दायित्वाला अशी मर्यादा नसते. म्हणून विमापत्र निवडताना दायित्वाचा भाग आहे की नाही हे आधी पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते, जरी खरेदीदाराचे लक्ष स्वाभाविकपणे सायकलीवर खिळलेले असले तरी.

गृहविम्यातील संरक्षण

घरातील सामानाचा विमा असेल तर सायकल त्यात आपोआप येते, असा समज आढळतो. भारतात तो बहुतांशी चुकीचा ठरतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित गृहविमापत्र लागू केले. त्यात इमारतीबरोबर घरातील सर्वसाधारण वस्तूंना इमारतीच्या विमित रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल यांसारख्या संकटांसाठी हे विमापत्र उपयुक्त आहे. चोरी मात्र त्यात एवढ्याच अर्थाने येते की, अशा एखाद्या संकटामुळे आणि ते घडल्यापासून सात दिवसांच्या आत ती झालेली असावी. पूर ओसरल्यावर रिकाम्या घरातून सायकल नेली गेली तर दावा उभा राहतो. एरवी रात्री जिन्यातून नेली तर राहत नाही. शिवाय या विमापत्रातील वगळलेल्या वस्तूंच्या यादीत, विमापत्रात तसे स्पष्ट नमूद केलेले नसल्यास, 'वाहने' हा शब्द आहे. सायकल हे या अर्थाने वाहन आहे काय, हा वाद नुकसान झाल्यानंतर घालण्यापेक्षा सायकलीचे नाव, सांगाड्याचा क्रमांक आणि किंमत विमापत्राच्या अनुसूचीत आधीच लिहून घेणे इष्ट होय.

घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि तेथेही शब्दार्थ महत्त्वाचा ठरतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात असा निर्णय दिला की, विमापत्रात घरफोडीची व्याख्या बळाचा वापर करून केलेला प्रवेश अशी असेल, तर बळाशिवाय झालेली चोरी तिच्यात येत नाही. करारातील शब्दांचा अर्थ त्या शब्दांप्रमाणेच लावला पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सायकलीच्या बाबतीत या निर्णयाचा परिणाम मोठा आहे. सदनिकेचे दार फोडून आत ठेवलेली सायकल नेली तर ती घरफोडी होते. उघड्या वाहनतळातून, सामायिक व्हरांड्यातून किंवा दार ओढून घ्यायचे राहिल्यामुळे सायकल गेली तर ती केवळ चोरी ठरते. मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांमध्ये सायकली सहसा जिथे ठेवल्या जातात ती जागा या दुसऱ्या प्रकारात मोडते.

भारतीय कंपन्यांच्या जुन्या पद्धतीच्या 'गृहस्थ विमापत्रांत' पायडल सायकलींसाठी स्वतंत्र विभाग असतो. त्यात आग, चोरी आणि बाह्य कारणाने झालेला अपघात यांबरोबर मर्यादित रकमेचे तृतीय पक्ष दायित्वही दिलेले असते. हा विभाग ऐच्छिक असल्याने तो मागून घ्यावा लागतो. त्यातील वगळलेल्या बाबी सायकलीचे जुने जग डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या गेल्या आहेत. सायकल भाड्याने दिलेली असताना किंवा शर्यतीत वापरताना झालेले नुकसान त्यात येत नाही. सायकल चोरीला न जाता केवळ सुटे साहित्य गेले, किंवा सायकलीला काही न होता फक्त टायर फाटला, तर त्याचीही भरपाई मिळत नाही. पूर्वी सुटे साहित्य म्हणजे घंटा, दिवा आणि हवेचा पंप असे. आता ते पायडलवरील बल मोजणारे यंत्र किंवा जीपीएस उपकरण असू शकते, आणि त्याची किंमत साध्या सायकलीच्या कित्येक पट असते.

स्वतंत्र सायकल विम्यात घराबाहेरचे संरक्षण मिळण्याची शक्यता अधिक असते. सायकलीच्या किमतीबरोबर त्याचा हप्ता वाढतो. गृहविमा आधीपासून असलेल्या व्यक्तीने त्यातील जोडकलमाचा खर्च प्रथम विचारून पाहावा, आणि 'घराबाहेरील चोरी' हे शब्द त्यात आहेत की नाहीत यावर निवड करावी.

कुलूप व ठेवण्याची जागा

चोरीच्या दाव्याचे भवितव्य बहुतेक वेळा कुलपावर अवलंबून असते. सायकल हलवता न येणाऱ्या वस्तूला, सांगाड्यातून कुलूप घालून, बांधलेली असली पाहिजे, अशी अट सामान्यतः असते. फक्त चाकातून साखळी घातली आणि चोराने चाक तेथेच सोडून उरलेली सायकल नेली, तर अट मोडली असे धरले जाते. ब्रिटनमध्ये 'सोल्ड सिक्युअर' ही संस्था कुलपांची चाचणी घेऊन त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि हिरा अशा श्रेणी देते. सायकलीच्या किमतीनुसार कोणत्या श्रेणीचे कुलूप हवे हे तेथील विमा कंपन्या ठरवून देतात. भारतीय विमापत्रांत अनेकदा 'योग्य खबरदारी' एवढेच शब्द असतात. हे शब्द सैल असल्याने सोयीचे वाटतात, परंतु त्यांचा अर्थ दाव्याच्या वेळी लावला जातो. दुकानात चहा घेताना दोन मिनिटे भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल हे या बाबतीतले नेहमीचे वादस्थळ आहे. कुलपाची पावती जपून ठेवणे आणि सर्व किल्ल्या दाखवता येणे हा कुलूप वापरल्याचा उपलब्ध असलेला जवळपास एकमेव पुरावा असतो.

रात्रीच्या वेळेबद्दल काही विमापत्रांत वेगळी अट असते. जर्मनीतील जुन्या गृहसामान विमापत्रांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत रस्त्यावर उभ्या असलेल्या सायकलीला, ती वापरात नसल्यास, संरक्षण नसे. मोटारीच्या मागील अथवा छतावरील धारकावर लावलेल्या सायकलीबद्दलही अशीच तरतूद पाहून घ्यावी लागते.

विमित रक्कम आणि घसारा

विमा हा मूलतः भरपाईचा करार आहे. नुकसानीपूर्वी विमाधारक ज्या आर्थिक स्थितीत होता तेथे त्याला परत आणणे एवढाच त्याचा उद्देश असतो. हे तत्त्व काटेकोरपणे लावल्यास जुन्या सायकलीबद्दल नव्या सायकलीची किंमत मिळत नाही. समजा, ३ लाख रुपयांना घेतलेली सायकल चार वर्षांनी चोरीला गेली आणि विमापत्रात दरवर्षी मूळ किमतीच्या १० टक्के घसारा ठरलेला आहे. भरपाई १ लाख ८० हजार रुपये होईल. 'जुन्याबद्दल नवे' या पद्धतीच्या विमापत्रात तितक्याच दर्जाच्या नव्या सायकलीची किंमत मिळते, परंतु त्याचा हप्ता अधिक असतो आणि बहुधा सायकलीच्या वयाला मर्यादा असते. तिसऱ्या प्रकारात रक्कम दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेली असते. हाताने बांधलेल्या अथवा आता उत्पादनात नसलेल्या सायकलीसाठी हा प्रकार सोयीचा आहे.

हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवण्याचा मोह घातक ठरतो, कारण सरासरीचे कलम असलेल्या विमापत्रात भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. २ लाख ४० हजारांच्या सायकलीचा विमा १ लाख ८० हजारांचा काढला, तर तो पाऊण किमतीचा झाला. अपघातात ६० हजारांची दुरुस्ती निघाल्यास कंपनी पाऊण भाग, म्हणजे ४५ हजार, मान्य करील. त्यातून विमाधारकाने स्वतः सोसावयाची ठरावीक रक्कम, समजा ३ हजार, वजा जाऊन हातात ४२ हजार पडतील. विमित रकमेच्या आत नुकसान असूनही पूर्ण भरपाई मिळाली नाही, याचे आश्चर्य अनेकांना वाटते.

किंमत कमी दाखवण्याचा हेतू नसतानाही ही स्थिती ओढवू शकते. हौशी सायकलस्वार वर्षभरात चाके बदलतो, बैठक बदलतो, गिअरचा संच वरच्या श्रेणीचा बसवतो. विमापत्र मात्र मूळ पावतीवरच राहते. नव्या भागांची पावती कंपनीला कळवून विमित रक्कम वाढवून घेतली नाही, तर ते भाग विम्याबाहेर राहतात किंवा संपूर्ण सायकल कमी रकमेची विमित ठरते. परदेशातून आणलेल्या किंवा दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या सायकलीच्या बाबतीत पावती मूळ मालकाच्या नावावर असते. अशा वेळी विक्रीची लेखी नोंद आणि पैसे दिल्याचा बँकेतील पुरावा लागतो, कारण वस्तूत विमायोग्य हितसंबंध असल्याशिवाय विमा टिकत नाही.

अपघाती नुकसान

पोलादी सांगाडा वाकतो आणि वाकलेला दिसतो. कार्बन तंतूंच्या सांगाड्याचे तसे नाही. आघातानंतर आतील थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग मात्र शाबूत राहू शकतो. असा सांगाडा पुढे चालत्या सायकलीवर अचानक तुटण्याचा धोका असतो. त्याची तपासणी ध्वनिलहरींच्या साहाय्याने किंवा जाणकार कारागिराकडून करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च कोणी द्यायचा, हे विमापत्रात असतेच असे नाही. झीज, गंज, उत्पादनातील दोष आणि केवळ ओरखडे सर्वत्र वगळलेले असतात. म्हणून पडल्यानंतर लगेच छायाचित्रे काढणे आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती न करणे आवश्यक ठरते. काही उत्पादक पहिल्या मालकाला अपघातात मोडलेल्या सांगाड्याच्या बदल्यात सवलतीने नवा देतात. ही सोय विमा नसली तरी तिच्यामुळे अपघाती नुकसानीच्या संरक्षणाची गरज बरीच कमी होऊ शकते.

शर्यतीचे अपवर्जन जवळजवळ प्रत्येक विमापत्रात आढळते. शर्यत कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र खुला राहतो. पुणे ते गोवा 'डेक्कन क्लिफहँगर' ही उघडच स्पर्धा आहे. याउलट 'ब्रेव्हे' या नावाने होणाऱ्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या दीर्घ पल्ल्याच्या उपक्रमांत क्रमांक काढले जात नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, एवढेच बंधन असते. आयोजकांच्या दृष्टीने ती स्पर्धा नव्हे. विमापत्रात 'शर्यत' एवढाच शब्द असेल तर ब्रेव्हे त्याबाहेर राहते असे म्हणता येते. 'वेळेशी निगडित कोणताही उपक्रम' अशी भाषा असेल तर तसे म्हणणे कठीण आहे. सहभागी होण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर मागवणे हा यावरचा उपाय आहे.

प्रवासातील जोखीम

महाराष्ट्रातील सायकलस्वार दूरच्या मोहिमांसाठी सायकल रेल्वेने पाठवतात. नोंदणी न केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर, तिच्या कर्मचाऱ्यांची हयगय सिद्ध झाल्याशिवाय, येत नाही. नोंदणी केली तरी, किंमत जाहीर करून त्यावरील टक्केवारीचा आकार भरला नसेल, तर रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०३ खालील नियमांनुसार प्रवासी सामानाची भरपाई किलोमागे १०० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. नऊ किलोच्या सायकलीचे त्यामुळे जास्तीत जास्त ९०० रुपये होतात. एवढ्यात तिचा एक चांगला टायरही येणार नाही. सायकल जितकी हलकी आणि म्हणून महाग, तितकी ही भरपाई कमी, असा विचित्र प्रकार येथे घडतो.

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला. सामानाबद्दल विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण हक्क, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर, इतकी आहे. ही मर्यादा सायकल आणि इतर बॅगा मिळून असते. सामान स्वाधीन करताना अधिक किंमत जाहीर करून जादा आकार भरल्यास ती वाढवता येते. सायकल विम्याची हद्द भारतापुरती असेल तर परदेशी मोहिमेसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

विद्युत सायकल

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेरीवर चालणारी दुचाकी, नियमात दिलेल्या इतर अटी पाळल्यास, मोटार वाहन मानली जात नाही. वेगाचे बंधन काढून टाकण्यासाठी तिच्यात फेरफार केला तर ती मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, परवाना आणि सक्तीचा विमा या सर्वांचा अभाव हा गुन्हा होतो आणि सायकल म्हणून घेतलेला विमाही निरुपयोगी होतो.

दावा

चोरी झाल्यावर पोलिसांत प्रथम माहिती अहवाल नोंदवावा लागतो. वस्तू गहाळ झाल्याचा ऑनलाइन दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात चोरीचा आरोप नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. अहवालात सांगाड्याचा क्रमांक असणे अत्यावश्यक आहे. तो बहुतेक सायकलींवर पायडलच्या आसाखालील भागावर कोरलेला असतो. नोंदणी क्रमांक नसलेल्या वस्तूची हीच एक ओळख होय, आणि तरीही कित्येक मालकांकडे तो लिहून ठेवलेला नसतो. तपास निष्फळ ठरल्यास गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला असा अंतिम अहवाल न्यायालयात सादर होतो. महाराष्ट्रात त्याला 'अ' समरी म्हणतात आणि विमा कंपन्या पैसे देण्यापूर्वी बहुधा तो मागतात. त्याला काही महिने लागू शकतात. भरपाई दिल्यानंतर सायकल सापडली तर तिच्यावर कंपनीचा हक्क असतो.

कंपनीला विनाविलंब कळवण्याची अट असते. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चोरीची फिर्याद तत्काळ दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येणार नाही. तो खटला वाहनाच्या चोरीचा होता, तरी सायकलीच्या दाव्यातही त्यातील युक्तिवादाचा आधार घेता येतो.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो मान्य नसलेल्या तक्रारदाराला ग्राहक आयोगाचा किंवा दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा राहतो. मात्र तोच वाद आधी आयोगात किंवा न्यायालयात नेलेला असेल, तर लोकपाल तक्रार स्वीकारत नाही.